पांढुर्ण्याच्या वाटेवरचे झाड

गोव्यातल्या वाचकाला पांढुर्णा आणि सौंसर ही नावे सहसा ठाऊक नसतात. असलीच तर गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा व पलीकडून सावरगाव एकमेकांवर दगडांचा मारा करतात. माणसे जखमी होतात, क्वचित दगावतात. प्रशासन दरवर्षी बंदोबस्त ठेवते, गोटमार दरवर्षी होते. शेकडो हातांतून सुटलेल्या दगडांपैकी कोणता कोणाचा, हे कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे जबाबदार कोण, या प्रश्नाला तिथे उत्तर नाही.

हा मुलूख कारभाराने मध्य प्रदेशाचा असला तरी बोलीने वऱ्हाडी-नागपुरी मराठीचा आहे. संत्री आणि कापूस ही इथली पिके, आणि मोठी बाजारपेठ म्हणजे नागपूर. पूर्वी हे सारे मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि राजधानीही नागपूरच होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर एका राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातले हे दोन मराठी तालुके दुसऱ्या राज्यात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला.

मला आज लिहायचे आहे ते मात्र नदीतल्या पळसाबद्दल नव्हे. याच भागाकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेला एकेकाळी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका झाडाबद्दल लिहायचे आहे. वकिलीचा अभ्यास केलेल्या भारतातल्या बहुतेकांनी त्या झाडाबद्दल वाचलेले असते. ते पांढुर्ण्याच्या वाटेवर होते, हे मात्र परीक्षा झाली की विसरले जाते.

१८ डिसेंबर १९६० ची गोष्ट. (आम्हा गोंयकारांना ही तारीख लगेच जाणवते. त्यानंतर बरोबर एका वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ ला, भारतीय सैन्य गोव्यात शिरले.) कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचा धंदा करणाऱ्या एका कंपनीची मोटार नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघाली होती. चालवत होता कंपनीचा मॅनेजर. सोबत बसवून घेतलेले एक गृहस्थ होते. रस्ता पंधरा फूट रुंदीचा, खडीचा, दोन्ही बाजूंना खालच्या पातळीवर शेते. मोटार रस्त्याची उजवी कड ओलांडून तिच्यापासून चार फूट दूर असलेल्या झाडावर आदळली. धडक इतकी जबर होती की झाड मुळापासून हलले आणि इंजिन जागचे फूटभर मागे सरकले. ते गृहस्थ गेले.

त्यांच्या कुटुंबाने एक लाख रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २५ मार्च १९७७ ला, म्हणजे सोळा वर्षांनी, निकाली निघाला. 'पुष्पाबाई विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी' या नावाने तो ओळखला जातो.

या खटल्यातली अडचण नीट समजून घेण्यासारखी आहे. मोटार झाडावर का गेली हे सांगणारे कोणीच नव्हते. समोरून कोणी आले म्हणून वळवली, की डुलकी लागली, की स्टिअरिंगने दगा दिला? घरी बसलेल्या कुटुंबाला हे कळणार कसे? आणि कायदा तर म्हणत होता की चालकाचा निष्काळजीपणा दावेदाराने सिद्ध करावा. ज्याला काहीच माहीत नाही त्यानेच सगळे सांगायचे, असा हा मामला.

न्यायालयाने जुन्या रोमन म्हणीचा आधार घेतला. तिचा अर्थ, घटना स्वतःच बोलते. मोकळ्या रस्त्यावरची मोटार चुकीच्या बाजूला जाऊन रस्त्याबाहेरच्या झाडावर आपटत असेल तर ते चालकाच्या हयगयीवाचून सहसा होत नाही. खरे कारण दावेदाराला माहीत असण्याचा संभव नसेल आणि ते फक्त प्रतिवादीलाच माहीत असू शकत असेल, तर अपघात दाखवून दिला की दावेदाराचे काम संपले. आपली चूक नव्हती हे आता प्रतिवादीने दाखवावे.

दुसरा मुद्दा मालकाचा. उच्च न्यायालयाने कंपनीला मोकळे सोडले होते, कारण कोणाला तरी गाडीत बसवून नेणे हे काही मॅनेजरच्या नोकरीचे काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, गाडी कंपनीची होती, आणि कोणाला सोबत घ्यायचे हे ठरवण्याचा त्याला अधिकार आहे असेच कोणीही समजले असते. तेव्हा कंपनी जबाबदार. विमा कंपनीच्या वाट्याला पॉलिसीच्या मर्यादेप्रमाणे फक्त पंधरा हजार आले, बाकीचा भार मालकावर.

हे सगळे आठवण्याचे कारण म्हणजे बिनचालकाच्या मोटारी. स्टिअरिंगवर माणूस नाही, गाडी संगणकाच्या बुद्धीने चालते, आणि तिने कोणाला चिरडले तर दोष कोणाचा? हा प्रश्न माणसाच्या इतिहासात पहिल्यांदाच पडला आहे, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही.

कौटिल्याचे अर्थशास्त्र घ्या. शेकडो वर्षे हरवलेला हा ग्रंथ शामशास्त्रींना म्हैसूरला सापडला आणि १९०९ मध्ये छापला गेला. त्याच्या चौथ्या अधिकरणात गाडीने इजा केली तर दंड कोणाला, याचा विचार आहे. हाकणारा अजाण असेल तर गाडीतला मालक दंडास पात्र. मालक गाडीत नसेल तर आत बसलेला, किंवा हाकणारा सज्ञान असेल तर तोच. आणि शेवटी येते अशी गाडी जी पोर हाकते आहे किंवा जिच्यावर माणूसच नाही. तिच्यासाठी कौटिल्याचा शब्द आहे 'अपुरुष' यान. ती राजाने जप्त करावी! दोन हजार वर्षांमागच्या माणसाला बिनमाणसाच्या गाडीसाठी स्वतंत्र नियम करावासा वाटला, याचा अर्थ त्याने अशा गाड्या पाहिल्या असणार.

त्यात नवल कसले? सौंसर भागातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी बोलताना मी विचारले होते, "काकाजी, रात्री कापसाच्या बंड्या बाजाराला जायच्या तेव्हा तुम्ही जागे असायचात का?" ते हसले. "बैलाले रस्ता मालूम राहते ना, भाऊ. मानूस झोपला तरी बंडी बराबर जाते." एकामागे एक बंड्यांची रांग, आसाखाली टांगलेला कंदील, पुढच्या बंडीचा धुरकरी तेवढा जागा. मग मी विचारले, अशी बंडी कोणाच्या अंगावर गेली तर? "तर का? बैलाले ठान्यात नेऊन का करतीन? मालकालेच धरतीन ना!"

आमच्या सगळ्या कायदेपंडितांना जे मांडायला पाऊण शतक लागले ते म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितले.

मनुस्मृतीबद्दल आणखी काय म्हणायचे ते म्हणावे, पण तिच्या आठव्या अध्यायातले गाडीचे प्रकरण डोळ्याखालून घालण्यासारखे आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक मोडले, दोऱ्या तुटल्या, गाडी आडवी किंवा मागे गेली, किंवा हाकणारा "बाजूला व्हा" म्हणून ओरडला, अशा दहा प्रसंगी दंड नाही. म्हणजे यांत्रिक बिघाड झाला तर सुटका! पुढे म्हटले आहे की हाकणाऱ्याच्या अडाणीपणामुळे गाडी भरकटून इजा झाली तर मालकाला दोनशेचा दंड, कारण असला माणूस त्याने ठेवलाच का. हाकणारा जाणता असेल तर दंड त्यालाच. आणि हाकणारा कच्चा आहे हे असूनही जे गाडीत बसले त्या प्रत्येकाला शंभर. हा शेवटचा नियम मला फार गमतीदार वाटतो. भरवशाच्या नसलेल्या गाडीत बसणे हीसुद्धा चूकच!

पण या नियमांत एक गोष्ट सहज निसटते. दंड राजाला जातो. ज्याला इजा झाली त्याला काय, याबद्दल या ठिकाणी फारसे काही नाही. इंग्लंडातही हीच तऱ्हा होती. ज्या वस्तूने माणूस मेला ती वस्तू, किंवा तिची किंमत, राजाच्या खजिन्यात जमा करण्याची तिथे चाल होती. अपुरुष यानाच्या जप्तीची ही चुलतबहीणच. रेल्वे आली आणि हा नियम अंगाशी आला. १८४१ मध्ये सॉनिंग येथे गाडी घसरून माणसे मेली तेव्हा ज्यूरीने इंजिनावर हजार पौंड बसवले. १८४६ मध्ये ती चाल बंद झाली आणि त्याच वर्षी मृताच्या कुटुंबाला भरपाई मागता येईल असा कायदा झाला. भारतात त्याचे रूप आले १८५५ मध्ये. मात्र दोष सिद्ध करण्याचे ओझे कुटुंबाच्याच डोक्यावर राहिले.

आमच्या गोव्यात तेव्हा दुसरेच वारे होते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता म्हणत होती की कोणाच्या गुरांनी किंवा मालकीच्या इतर वस्तूंनी दुसऱ्याचे नुकसान केले तर मालक जबाबदार. आपली हयगय नव्हती हे त्याने दाखवावे तरच तो सुटेल. मोटारींसाठी पुढे वेगळे नियम आले, तो भाग सोडू. पण ओझे कोणी उचलायचे, याचे उत्तर पणजीत आणि नागपुरात उलटसुलट होते एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला, १९५६ च्या दुरुस्तीने दावा प्राधिकरणांची सोय झाली. पण मूळ गाडे तिथेच अडले होते. १९७७ मध्येच, पांढुर्ण्याच्या निकालाच्या दोन महिने आधी, मुंबईच्या एका अपघाताचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. 'मिनू मेहता खटला' म्हणून तो प्रसिद्ध आहे. मालकाचा बचाव अगदी मनूच्या यादीतला: यंत्रात बिघाड झाला, आम्ही काय करणार? न्यायालयाने सांगितले, बिघाड आधी कळण्यासारखा नव्हता आणि आपण सगळी काळजी घेतली होती हे मालकाने सिद्ध करावे. ते त्याला जमले नाही आणि तो हरला. पण त्याच निकालात असेही म्हटले गेले की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही.

संसदेला हे जाचले असावे. १९८२ च्या दुरुस्तीने नवे कलम आले. दोष कोणाचाही असो वा नसो, मृत्यूला पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार मिळालेच पाहिजेत. रक्कम किरकोळ, पण भारतीय रस्त्यावरच्या कायद्यात 'कोण चुकले' या प्रश्नाआधी 'कोणाला लागले' हा प्रश्न विचारला गेला तो इथे.

त्या कलमाची खरी कसोटी लागली २९ ऑक्टोबर १९८७ ला, पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ. पहाटे तीनच्या सुमारास पेट्रोलचा टँकर आणि एका ट्रकची धडक झाली. टँकर रस्त्यावरून उतरून उलटा पडला आणि पेट्रोल गळू लागले. चार तास तसेच गेले. सकाळी सातनंतर स्फोट झाला आणि जमलेली माणसे होरपळली, कितीतरी गेली. एका तरुण मुलाच्या आईने दावा लावला. विमा कंपनी आणि मालक म्हणाले, हा मोटारीच्या वापरातून झालेला अपघातच नव्हे. टँकर चालत नव्हता, चाकावर कोणी नव्हते, तो तर रस्त्याच्या बाहेर पडून होता.

१९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फेटाळले. 'वापर' म्हणजे फक्त चालणे नव्हे. उभी, बंद पडलेली, उलटलेली गाडीही वापरातलीच, आणि धडकेपासून स्फोटापर्यंतची साखळी तुटलेली नाही. मला हा निकाल आमच्या विषयात फार मोलाचा वाटतो. मोटारीवर त्या क्षणी चालक नसला तरी मालक आणि विमेदार तिच्यापासून हात झटकू शकत नाहीत, हे आपल्याकडे सातारा-पुण्याच्या रस्त्यावर तीन दशकांपूर्वीच ठरून गेले आहे. पुढे २००१ मध्ये, टायर फुटून उलटलेल्या जीपखाली एक पादचारी गेला होता त्या खटल्यात, त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. चालकाची चूक नसली तरी धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिच्या परिणामाची जबाबदारी घ्यावी. मनूच्या यादीतले 'चाक मोडले' हे कारण इथे निकालात निघाले.

आता २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे, एप्रिल २०२२ पासून, दोष सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. दावा आपण राहतो त्या भागातल्या प्राधिकरणापुढे लावता येतो. सौंसरच्या माणसाचा अपघात महाराष्ट्रात झाला आणि विमा कंपनी मुंबईची असली तरी त्याच्या घरच्यांना मुंबई गाठावी लागत नाही. दोन राज्यांच्या शिवेवरच्या लोकांना याची किंमत कळते.

मग बिनचालकाच्या मोटारीने नवे काय आणले? पाच लाखांपुरते काहीच नाही. मालक आहे, विमा आहे. त्याहून अधिक मागायचे तर मात्र निष्काळजीपणा दाखवावा लागतो, आणि तिथे आपण पुन्हा त्या झाडापाशी येतो. गाडीने का वळण घेतले? तिला समोरचा माणूस दिसला होता का? दिसला तर तिने त्याला काय समजले? हे सगळे गाडीतल्या संगणकात नोंदलेले असते आणि ती नोंद वाचण्याची किल्ली बनवणाऱ्या कंपनीकडे. १९६० च्या मोटारीत जे घडले ते निदान कोणालाच नीट माहीत नव्हते. इथे माहीत असते, पण एकाच पक्षाला.

१८ मार्च २०१८ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या टेंपी गावी उबरच्या चाचणीवरल्या मोटारीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला धडक दिली. बिनचालकाच्या मोटारीखाली पादचारी मरण्याची ती पहिलीच घटना. सरकारी चौकशीत निघाले की गाडीच्या यंत्रणेला ती बाई धडकेच्या साडेपाच सेकंद आधी जाणवली होती, पण ती माणूस आहे हे तिला वेळेत ओळखता आले नाही. गाडीची आपत्कालीन ब्रेकची सोय बंद ठेवलेली होती. देखरेखीला बसवलेली नोकरदार बाई फोनमध्ये पाहत होती. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. नोकरदार बाईने २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. गाडीत जो माणूस सापडला त्याला धरले! मनूने निदान मालकाला आधी विचारले असते: असला सारथी ठेवलास का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरिडातल्या ज्यूरीने थोडे वेगळे केले. २०१९ च्या एका अपघातात चालकाने फोन उचलण्यासाठी मान वाकवली होती आणि टेस्लाची 'ऑटोपायलट' यंत्रणा चालू होती. ज्यूरीने दोषाचा एक तृतीयांश वाटा कंपनीवर टाकला आणि तिच्या नावे चोवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बसवली. अपघाताच्या क्षणाची गाडीतली नोंद हाही त्या खटल्यातला मोठा वादाचा विषय होता. इंग्लंडने मात्र खटल्यांची वाट पाहिली नाही. २०१८ च्या कायद्याने तिथे विमा कंपनी आधी जखमीला पैसे देते, मग बनवणाऱ्याशी भांडत बसते. २०२४ च्या कायद्याने गाडी स्वतः चालत असताना आत बसलेल्याला चालवण्याच्या गुन्ह्यांतून सूट मिळाली आणि जबाबदारी तिला परवानगी मिळवणाऱ्या संस्थेकडे गेली.

आणि आपल्याकडे? पांढुर्ण्याची मोटार जिथून निघाली त्याच नागपुरात, भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या एका कार्यक्रमात, डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी सांगितले की बिनचालकाच्या मोटारी आपण भारतात येऊ देणार नाही, कारण लाखो चालकांची रोजी जाईल. चालकांची काळजी खरीच आहे. पण गाडीला स्वतःहून ब्रेक लावणाऱ्या, रांग सोडू न देणाऱ्या यंत्रणा नव्या मोटारींतून आधीच आल्या आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीतले एक कलम संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राला देते. एका दारावर कुलूप आहे, दुसरे उघडे आहे.

ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला जबाबदार धरण्याचे प्रकरण आहे, म्हणजे बनवणाऱ्यापर्यंत पोचण्याची वाट आहे. फौजदारीत मात्र आपण अजून माणूसच शोधतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात हयगयीने मृत्यू घडवणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. संगणकाला कैद कशी करणार? आणि बनवणाऱ्या कंपनीतल्या हजार अभियंत्यांपैकी दगड कोणाच्या हातून सुटला?

माझे स्वतःचे मत विचाराल तर मला या शिक्षेच्या भागाची फारशी चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती नोंदीची. उद्या सौंसरच्या रस्त्यावर संत्र्यांच्या तोडणीहून परतणाऱ्या एखाद्या मजुराला अशा गाडीने उडवले, तर त्याच्या बायकोच्या वकिलाला ती नोंद मागता आली पाहिजे, आणि कंपनीने ती दिली नाही तर प्राधिकरणाने चूक गाडीचीच होती असे धरले पाहिजे. त्यासाठी नवा सिद्धान्त लागत नाही. ज्याला माहीत आहे त्याने सांगावे, हे १९७७ मध्ये पांढुर्ण्याच्याच खटल्यात ठरले आहे. फक्त मोटार कायद्याच्या नियमांत तसे दोन ओळींनी लिहून ठेवायला हवे, म्हणजे त्या बाईला सोळा वर्षे थांबावे लागणार नाही.